एकी की बेकी

कुताइसीत, नदीच्या वरच्या अंगाला,
आमच्या घराखाली वाइनचं तळघर आहे.
गळ्यापर्यंत पुरलेले सहा मातीचे रांजण,
पैकी दोन तडकलेले.
सातवा रांजण, लामारा म्हणते, माझा सर्व्हर:
मोडीत निघालेल्या शाळेतून उचललेला पत्र्याचा खोका.
तोही हिवाळाभर आतल्या आत घुमतो,
त्यालाही मी कुणाला हात लावू देत नाही.

आत तीन डिस्क. तिघींवर वाटून ठेवलेली गाणी,
बावीस वर्षं मी आणि ओतारनं
त्याच्या खिळखिळ्या निवामधून फिरून टिपलेली.
लग्नातली, मर्तिकातली,
एक तर नुसतं बैलांना समजवायचं.
आमच्याकडे गाणं तीन गळ्यांचं असतं:
वरचा, मधला,
आणि ओतारचा होता तसा, जमिनीखालून येणारा.

ओतारची नात एतेर, वय नऊ, विचारते:
यातली एक मेली तर?
मी हेझलनट आणतो.
या मुठीत काही, त्या मुठीत काही,
आणि कागदावर लिही, सगळे मिळून एकी की बेकी.
आता एक मूठ हरवली समज.
उरलेली मूठ मोज, कागद बघ,
हरवलेलीत काय होतं ते कळेल.
"काय होतं ते नाही," ती म्हणते,
"एकी होती की बेकी, तेवढंच."
तेवढंच पुरतं बाई.
यंत्राला तेवढंच येतं,
फक्त ते अब्जावधी वेळा येतं.

चौथी डिस्क तिबिलिसीहून आली,
मिनीबसच्या ड्रायव्हरच्या सीटखाली,
लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.
मोजा कुणाचा, विचारलं नाही.
लामारानं टॉर्च धरून नंबर वाचला,
शेवटचे चार आकडे, दोनदा,
मी चिकटपट्टीवर लिहून कपाळावर डकवले.
आजारी समजून धडधाकट डिस्क उपटणारे
मी पाहिलेत. मी त्यांतलाच एक आहे.

आज्ञा टाईप केली. एंटरवर बोट तसंच राहिलं.
"दाब की," लामारा म्हणाली, "भाजी करपतेय."

शून्य पूर्णांक चार टक्के.
उरलेला वेळ: एक हजार नऊशे मिनिटं.
आता तिघी आपापलं सामान उचलून
चौघींत पुन्हा मांडायला बसल्या.
असल्या वेळी घरात मोठ्यानं बोलू नये,
असं काही कुठं लिहिलेलं नाही, पण आम्ही बोललो नाही.

रात्री अडीचला वीज गेली.
अख्खा डोंगर विझला,
खोक्यावरचा हिरवा ठिपका तेवढा राहिला.
खाली निवाची बॅटरी जोडलेली आहे,
गाडी कधीच भंगारात गेली.
चाळीस मिनिटं तिनं तग धरला.
मी रांजणाच्या झाकणावर बसून होतो,
ओतारशी बोलत होतो असं लामारा सांगते.

दुसऱ्या दिवशी रात्र पडता पडता चौघी हजर.
एतेर म्हणाली, आता आजोबांचं गाणं लाव.

ते नाही.
वेलींच्या बांधावरून भांडलो त्या शरदात
मीच त्याचं फोल्डर पुसलं होतं.
डिस्क मेली असती तर बाकीच्यांनी सावरून घेतलं असतं.
माणसानं पुसलं की सगळ्या एकदिलानं पुसतात,
आणि नवी आलेली तर
पहिल्या दिवसापासून त्यांच्याच बाजूची.

हे मी पोरीला सांगितलं नाही. सांगणार आहे.

तोवर तिनंच माऊस ओढून घेतला,
कुठल्याही फाइलची सुरुवात लावत सुटली,
आणि गाणं सुरू व्हायच्या आत बंद.
कारण प्रत्येक गाण्याआधी, टेप फिरतेय का बघत,
गावाचं नाव सांगायचं काम ओतारचं असायचं:

"लेंतेखी. सात नोव्हेंबर. पाऊस.
नुगझार, लाल दिवा लागला का?"

"ओनी. तारीख विसरलो.
म्हातारा म्हणतो आधी जेवा."

"बैलांचं गाणं.
बैल ऐकत नाहीयेत."

ती हसते. पुन्हा लावते.
अजून दोन हजार फाइली आहेत.